पोटापाण्याचा रकाना

पहाटे ५

घर जागं होण्याआधीचे दोन तास माझे. भोपाळच्या कोहेफिजात आमचं घर, ऑगस्टचा महिना, बाहेर अजून अंधार आणि पावसाची रिपरिप. दहा वाजल्यापासून मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात लेखा शाखेत बसते. त्याआधी हिंदीतून मराठीत कथा आणते. सध्या टेबलावर एका दिवाळी अंकाचं काम आहे. मध्य प्रदेशातल्या लेखकांचा विभाग माझ्याकडे सोपवला आहे : काही कथा अनुवादित, काही इथल्याच मराठी लेखकांच्या. कथा लागल्या. राहिलेत लेखक-परिचय, आणि हल्ली माझा सगळा जीव त्या चार-चार ओळींत अडकला आहे.

आलेले परिचय सगळे एका साच्याचे. जन्मगाव, पदवी, पुस्तकांची नावं, पुरस्कार, शेवटी ‘सध्या स्वतंत्र लेखन’. हा माणूस दिवसभर काय करतो, त्याचं घर कशावर चालतं, याचा पत्ताच नाही. मी प्रत्येकाला उलट कळवलं की पोटापाण्यासाठी काय करता तेही लिहा. काहींनी लिहिलं, काहींनी विषय टाळला, एक-दोघांना प्रश्न थोडा खटकला असावा. पण मी हट्ट सोडणार नाही. तो रकाना भरलेला हवा.

ज्याला तो गौण वाटतो त्याने एकदा हिशोब मांडावा. तीनशे रुपयांचं पुस्तक, हजाराची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये. मराठीत कथासंग्रहाची हजाराची आवृत्ती खपायला वर्षं जातात, आणि हल्ली पुष्कळ पुस्तकं पाचशेच निघतात. लिहायला तीन वर्षं लागली असतील तर महिन्याला हजार रुपयेही पडत नाहीत. म्हणजे आपल्याकडे लेखक म्हटला की दुसरं काम आलंच. जे काम दिवसाचे आठ-दहा तास घेतं, ज्याच्यामुळे त्याला माणसं भेटतात, ज्याची बोली त्याच्या कानात बसते, तेच परिचयातून गाळायचं?

सकाळी ७

आता घड्याळ माझं राहत नाही. सांचीच्या दुधाच्या पिशव्या, कुकर, पोह्यांना फोडणी, तीन डबे. मुलीला कारली चालत नाहीत, सासूबाईंचा चहा बिनसाखरेचा. या तासात हातांना मोकळीक नसते, डोक्याला मात्र असते, आणि अनुवादातलं अडलेलं वाक्य पुष्कळदा कणीक मळतानाच सुटतं.

आज मालती जोशींचा विषय निघाला. जन्म १९३४ चा, तेव्हाच्या औरंगाबादेतला. घर मराठी, शिक्षण आणि संसार बराचसा मध्य प्रदेशात. आग्र्याहून हिंदीत एम. ए. केलं आणि मग आयुष्यभर मुख्यतः हिंदीत कथा लिहिल्या, मराठीतही लिहिल्या. २०१८ साली पद्मश्री मिळाली, मे २०२४ मध्ये त्या गेल्या. सासूबाईंनी त्यांचं कथाकथन ऐकलेलं आहे.

“आई, हातात कागद असायचा त्यांच्या?”

“अगं, कुठला कागद! उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. एक शब्द मागेपुढे नाही. शेजारीण येऊन घरातलं सांगतेय असंच वाटत होतं.”

अख्खी कथा तोंडपाठ. ही गोष्ट त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात, आणि सगळे ती स्मरणशक्तीची करामत म्हणून सांगतात. माझा तर्क निराळा आहे. ज्या बाईचा दिवस घराने व्यापलेला असतो ती कथा आधी मनात रचते, मनात खोडते, मनातच पुन्हा लिहिते. कागद फार उशिरा येतो. तोवर ती पाठच झालेली असते. मालतीबाईंच्या कथा मध्यमवर्गीय घराच्या उंबऱ्याआड घडतात म्हणून काही समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मला तो निकाल साफ चुकीचा वाटतो. जावई जेवायला बसला असताना सासूने वाढायचं का थांबवलं, हे टिपायला त्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं उभं राहावं लागतं. तेही काम आहे. लेखिकांच्या परिचयात ‘घर सांभाळून’ असे दोन शब्द दाक्षिण्य दाखवल्यासारखे येतात. मी यंदा ते काम म्हणूनच छापणार आहे.

सकाळी साडेनऊ

पाऊस थांबला. स्कूटर काढून व्हीआयपी रोडने निघाले. उजवीकडे बडा तालाब काठोकाठ भरलेला, डावीकडे फतेहगढच्या चढावर हमीदिया रुग्णालयाच्या नव्या उंच इमारती. जुनं हमीदिया आता त्यांच्याआड गेलं आहे.

१९६४ च्या वसंतात गजानन माधव मुक्तिबोध पक्षाघाताने अर्धमेले होऊन याच रुग्णालयात पडून होते. जन्म श्योपूरचा, मातृभाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी-कादंबरीकार, थोरले हिंदीचे. त्यांच्या नोकऱ्यांची यादी वाचताना धाप लागते. बडनगर, शुजालपूर, उज्जैन इथे मास्तरकी, बनारसला ‘हंस’मध्ये, जबलपूर, नागपुरात माहिती खातं, आकाशवाणी, मग ‘नया खून’ साप्ताहिक. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली तेव्हा कुठे पायाखाली जमीन आली, आणि पुढच्या चार वर्षांत त्यांच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. भोपाळहून त्यांना दिल्लीला नेलं. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना हाती धरायला मिळाला नाही.

नोकरीने लेखकाला अनुभव मिळतो, असं मी म्हणते, आणि ते खरंच आहे. पण या रस्त्यावर मला दरवेळी स्वतःला बजावावं लागतं की नोकरी माणसाला खातेही. मुक्तिबोधांना अपुऱ्या पगाराच्या, बिनभरवशाच्या कामांनी पिळून काढलं. त्या कामांशिवाय त्यांची कविता अशी झाली नसती, हे म्हणणं सोपं आहे. ते ज्याला म्हणायचं असेल त्याने आधी त्यांचं वय बघावं. सत्तेचाळीस पूर्ण व्हायचे होते. पोटापाण्याचा रकाना हवा तो यासाठीसुद्धा. कोणी कशाची किती किंमत मोजली, हे तिथेच दिसतं.

सकाळी १०

अरेरा हिल्स. हजेरी, टपाल, नोटशीट. आमच्याकडे कुठलीही गोष्ट नोटशीटवर चढल्याशिवाय अस्तित्वात येत नाही. ‘अवलोकनार्थ प्रस्तुत’ असं लिहून कागद वर जातो, शेरा घेऊन खाली येतो. या भाषेत वर्षं काढलेल्या माणसाला विनोदकुमार शुक्लांचं ‘नौकर की कमीज’ वाचताना काय होतं ते मी सांगू शकते. १९७९ ची कादंबरी, नायक एका कार्यालयातला कारकून. साहेबाच्या घरच्या नोकरासाठी शिवलेला सदरा आणि तो ज्याच्या अंगाला बसेल तो नोकर. शुक्ल स्वतः कृषी महाविद्यालयात शिकवत; ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांचं नाव देशभर गेलं तेव्हाही अनेकांना हे नवीनच होतं की हा कवी शेतीशास्त्राचा मास्तर होता.

भोपाळच्या सरकारी खुर्च्यांवरून किती लेखन झालं आहे! शरद जोशी इथे माहिती खात्यात होते. पूर्णवेळ लिहिण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली आणि व्यंगलेखनावर घर चालवून दाखवलं. असे हिंदीतही थोडेच. दुष्यंत कुमार आकाशवाणीनंतर राज्य शासनाच्या भाषा विभागात होते. ‘साये में धूप’ १९७५ चं, म्हणजे आणीबाणीच्या वर्षाचं. ज्या शासनाचा पगार घ्यायचा त्याच काळात सत्तेच्या डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या गझला लिहायच्या, याचा ताण काय असेल? आमच्या आचरण नियमांत निखळ साहित्यिक लेखनाला मुभा आहे, शासनावरच्या जाहीर टीकेला नाही. कविता कुठे संपते आणि टीका कुठे सुरू होते, हे ठरवणारं कलम मात्र कुठल्याच नियमात सापडत नाही. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला दुष्यंत कुमार भोपाळातच गेले, चाळिशी नुकतीच ओलांडून. आज त्यांचे शेर संसदेपासून मोर्च्यापर्यंत सगळीकडे म्हटले जातात. ते शासनाचे नोकर होते हे कळल्यावर त्या शेरांचं वजन वाढतं, असं मला वाटतं.

राजेश जोशी आणि कुमार अंबुज बँकेतले. गोविंद मिश्र आयकर खात्यात सर्वोच्च पदापर्यंत गेले. मराठीत विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते. धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ वाचताना सरकारी कागद माणसाच्या आयुष्यात कसा शिरतो हे आतून पाहिलेला लेखक कळतो. बाहेरच्याला तहसील कचेरीतला अन्याय दिसेल, पण तो कुठल्या टेबलावर, कुठल्या शेऱ्याने होतो ते दिसणार नाही.

दुपारी दीड

डबा उघडला आणि पांढुर्ण्याहून फोन आला. हा मुलगा माझ्या विभागातला सगळ्यात तरुण लेखक, मराठीत लिहितो. पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, पण बाजारातली बोली तीच आहे, नागपुरी-वऱ्हाडी. तो मंडीत काट्यावर मुनीम आहे.

“ताई, ते कामाचं नका टाकू नं परिचयात.”

“का रे?”

“लोक म्हनतीन, काट्यावरचा मुनीम काय कथा लिहीन! बी. ए. लिहा, तेवढं पुरे.”

मी त्याला त्याची कथा वाचून दाखवली. संत्र्यांचे कॅरेट काट्यावर रचले जातात. मागच्या रांगेतल्या एका कॅरेटचा कोपरा भिंतीला टेकलेला असतो. भिंत थोडा भार उचलते, काटा तेवढं वजन कमी दाखवतो, आणि शेतकऱ्याचे पैसे जातात. शेतकरी समोरून बघत असतो, त्याला ते दिसत नाही. व्यापारी बघायला मागत नाही. दिसतं ते काट्याच्या बाजूला वही घेऊन बसलेल्या मुनिमाला. कडता, अडत, हमाली, तोलाई असे चार हिशोब लावून झाले आहेत, शेतकऱ्याला ट्रॅक्टर परत करायचा आहे, आणि मुनीम वहीतून मान वर न करता हमालाला एवढंच म्हणतो, जरा सरकव. कथा तिथे वळते.

“हे बी. ए. झालेल्याने लिहिलं की मुनिमाने?” मी विचारलं.

तो गप्प. मग म्हणाला, “ते तर काट्यावरच बसून सुचलं हाय.”

मी त्याला नारायण सुर्व्यांचं सांगितलं. गिरणीत राबले, मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले, आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात काम करत होते आणि त्या काळात नाटकं लिहीत होते. अरुण कोलटकर जाहिरातींच्या जगातले नावाजलेले कलाकार. यांपैकी कोणाचं काम त्यांच्या लेखनापुढे लाजिरवाणं ठरलं?

“विचार करतो ताई. आंबिया बहार सुरू झाला की फुरसत नाही, त्याच्याआधी सांगतो.”

लाज त्याची नाही, हे मला ठाऊक आहे. हात काळे होणाऱ्या कामाला साहित्याच्या सभेत कसं बघितलं जातं, ते त्याने पाहिलेलं आहे. प्राध्यापक आपलं पद परिचयात न विसरता लिहितो, कारण त्या पदाने लेखनाला मान मिळतो असा समज आहे. मुनिमाला उलट भीती. ही विषमता आपण वाचकांनी आणि संपादकांनी वाढवली आहे.

दुपारी साडेतीन

सेवानिवृत्तीची प्रकरणं. एका वनरक्षकाची सेवापुस्तिका तपासली : रुजू दिनांक, वेतननिश्चिती, अर्जित रजा, बदल्या. पाच वाजेपर्यंत मान वर काढली नाही. इथे माणसाच्या कामाचा प्रत्येक दिवस नोंदलेला आहे आणि माणूस कोण होता याची एक ओळ नाही. माझ्या टेबलावरच्या परिचयांत याच्या नेमकं उलटं.

संध्याकाळी साडेसहा

श्यामला हिल्सवर भारत भवनात काव्यवाचन होतं, थोडा वेळ गेले. चार्ल्स कोरियांची ही वास्तू रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही. पायऱ्या उतरत तलावाच्या दिशेने जावं तशी अंगणामागून अंगणं उघडतात. १३ फेब्रुवारी १९८२ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. उभारणीमागचा माणूस अशोक वाजपेयी, कवी आणि सनदी अधिकारी.

मराठी माणसाने इथे येऊन दिलीप चित्र्यांची आठवण काढली पाहिजे. ऐंशीच्या दशकात ते इथल्या ‘वागर्थ’ या काव्यकेंद्राचे संचालक होते. त्याआधी इथिओपियात शाळेत इंग्रजी शिकवलं, मुंबईत जाहिरात क्षेत्रात काम केलं, चित्रं काढली, ‘गोदाम’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. १९९४ मध्ये ‘एकूण कविता-१’ला साहित्य अकादमी पुरस्कार आणि ‘सेज तुका’ला अकादमीचाच अनुवाद पुरस्कार, दोन्ही एकाच वर्षी. आणि भोपाळने त्यांच्याकडून घेतलं तेही मोठं. १९८४ च्या वायुकांडात त्यांच्या एकुलत्या एका मुलाला वायूची बाधा झाली. २००३ मध्ये तो गेला. नोकरी माणसाला ज्या गावी नेते त्या गावचं सगळंच त्याच्या वाट्याला येतं. चित्र्यांच्या परिचयात ‘वागर्थचे संचालक’ हे तीन सेकंदांत वाचून होतं. त्यामागे हे सगळं आहे.

चित्रे ज्या तुकोबांमागे आयुष्यभर राहिले ते देहूचे वाणी. दुकान, सावकारी, दुष्काळ, दिवाळं, हे सारं त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून महाराष्ट्रातलं शाळकरी पोरही सांगतं. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार : आपल्या परंपरेने संतकवीचं काम त्याच्या नावातच ठेवलं. ते काम जातीने बांधून दिलेलं होतं आणि त्या बांधणीत अन्याय होता, हे विसरून चालणार नाही. पण मळा, माती, हत्यारं, आरसा ही त्यांच्या अभंगांची भाषा त्यांनी कामातूनच उचलली आणि कोणी ती लपवायला सांगितली नाही. सातशे वर्षांनी आपण मुनिमाला ‘बी. ए.’ लिहायला लावतो.

रात्री साडेनऊ

जेवणं झाली, ओटा आवरला, मुलगी अभ्यासाला बसली. आता परिचय. हात बसावा म्हणून आधी भोपाळच्या दोन मोठ्या लेखकांचे नमुने लिहून पाहिले.

‘मंज़ूर एहतेशाम (१९४८-२०२१). भोपाळमध्ये जन्म. इंजिनिअरिंगचं शिक्षण मध्येच सोडलं. फर्निचरचा व्यवसाय केला. ‘सूखा बरगद’, ‘दास्तान-ए-लापता’ या कादंबऱ्या. २००३ मध्ये पद्मश्री.’ पुरस्काराआधी दुकान आलं आणि माणूस जागेवर आला. ज्यांनी त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या आहेत त्यांना माहीत आहे की जुन्या भोपाळचे वाडे, बैठका आणि तिथली मोडत चाललेली माणसं किती जवळून त्यांत येतात.

‘ज्ञान चतुर्वेदी, जन्म १९५२. हृदयरोगतज्ज्ञ. भोपाळच्या भेल कारखान्याच्या रुग्णालयात नोकरी केली. पहिली कादंबरी ‘नरक-यात्रा’ वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयावर.’ या चार वाक्यांनंतर वाचक ती कादंबरी उघडेल तेव्हा त्याला कळेल की आतल्या माणसाने आपल्याच घराचं दार उघडलं आहे. हे धाडस ‘सध्या स्वतंत्र लेखन’ने कधीच कळलं नसतं.

दहा वाजून गेल्यावर पांढुर्ण्याहून व्हॉट्सअॅपवर निरोप आला. ‘टाका ताई. मुनीम लिहा. मंडीचं नाव पन लिहा.’ मी त्याचा परिचय पुन्हा लिहिला : पांढुर्णा मंडीत काट्यावर मुनीम, शिक्षण बी. ए.; ही पहिली छापील कथा. तीन तुकडे, आणि कथेत शिरायला एवढं पुरेसं आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे : लेखकाला परिचय मागाल तेव्हा त्यात कामाचा रकाना छापून पाठवा, आणि तो पदवीच्या वर ठेवा. लेखकांनो, तो कोरा सोडू नका. शाळा, शेत, दुकान, दवाखाना, रिक्षा, घर, जे असेल ते लिहा. नोकरी सुटली असेल तर तेही लिहा. आणि वाचकांनो, यंदा अंक हाती आला की कथेआधी परिचय वाचा, त्यात काम दिलेलं नसेल तर संपादकांना पत्र टाकून विचारा. माझ्या विभागाची पानं आठवड्याभरात छपाईला जातील. चार लेखकांचे रकाने अजून कोरे आहेत. उद्या दुपारच्या सुटीत त्यांना फोन करते.